बंदीचं म्हणणं

मामांनी बँकेच्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टी न घेता उभ्या रेघा ओढल्या. मग एकेका रकान्याला नाव देत गेले. बंदीचं नाव. नोंदणी क्रमांक. वर्ग, म्हणजे सराईत की बिनसराईत. गुन्हा. गुन्ह्याची तारीख. याआधीचे गुन्हे किती. शेवटच्या गुन्ह्याची तारीख. दिलेली शिक्षा. शिक्षा अमलात आणल्याची तारीख. एकतीस वर्षं कारागृह खात्यात काढलेला हात तो. एकही रेघ वाकडी गेली नाही.

‘हे शिक्षापुस्तक. तुरुंग अधिनियम १८९४, कलम ५१. आता यात काय नाही ते सांग.’

मी वकील आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर नाव असल्यामुळे बारा वर्षं महिन्यातून दोनदा तुरुंगात जाते, ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे अर्ज लिहिते. यंदा पहिल्यांदाच नव्याने भरती झालेल्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना शिकवायचं बोलावणं आलं. विषय, तुरुंगातल्या शिस्तभंगाची न्याय्य चौकशी. वेळ दोन तास. टिपणं काढून झाली होती, तरी ती घेऊन साताऱ्याला मामांकडे आले. कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी बरॅका बंद होताना, गिनती जुळत नसताना, दारात काय होतं ते त्यांना.

रकाने पुन्हा वाचले. ‘बंदीचं म्हणणं नाही,’ मी म्हटलं.

‘आहे. पण कुठे आहे? पोटकलम दोन बघ. गुन्हा गंभीर असेल तर साक्षीदारांची नावं लिहायची. फटक्यांची शिक्षा द्यायची असेल, तेव्हा मात्र साक्षीचा सारांश, बंदीचा बचाव, निष्कर्ष आणि त्याची कारणं, सगळं लिहायचं. शेवटी जेलर आणि अधीक्षक, दोघांची आद्याक्षरं.’

हे कलम मी कितीदा तरी वाचलं असेल, पण मामांच्या बोटाखाली ते वेगळं दिसलं. मूळ कायद्यात फटके जास्तीत जास्त ३० होते. ते मारण्याआधी माणसाला काय सांगायचं आहे ते लिहून ठेवावं, एवढं इंग्रज सरकारलाही वाटलं. गोणपाटाचे कपडे घालायचे, बेड्या ठोकायच्या, चौदा दिवस कोठडीत टाकायचं, अन्न तोडायचं, तर मात्र त्याचं म्हणणं कागदावर यायची गरज नव्हती. आज वेत कुणी उचलत नाही. पण त्याच्याबरोबर ‘बंदीचा बचाव’ हे शब्दही वहीतून गेले.

‘आता तुझी टिपणं दाखव,’ मामा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पान वाचून खाली ठेवलं. त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी स्वीकारलेले मंडेला नियम होते. आरोप काय आहे ते बंदीला त्याला समजेल अशा भाषेत विनाविलंब सांगावं. बचावाच्या तयारीला पुरेसा वेळ द्यावा. त्याला स्वतः बोलू द्यावं, आणि प्रकरण गंभीर असेल तर वकिलाची मदत मिळू द्यावी. गरज पडल्यास दुभाषा द्यावा. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको. एकांतवास सलग पंधरा दिवसांपलीकडे कधीच नाही.

‘चुकीचं काहीच नाही यात. पण अगं, हे कोर्ट नाही. कोर्टात आरोपी तारखेला येतो आणि घरी जातो. माझा बंदी त्याच बरॅकमध्ये, त्याच माणसांच्या मध्ये झोपणार असतो. पन्नासांच्या बरॅकमध्ये दीडशे. बाहेर शिपाई एक. रात्री मारामारी झाली, सकाळी मी म्हटलं, थांबा, चोवीस तासांची नोटीस काढतो, बचावाला वेळ देतो. दुपारपर्यंत दुसरी मारामारी. शिक्षा उद्यावर गेली की बरॅक आजच हातची जाते.’

गर्दीचं ते वाढवून सांगत नव्हते. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत आपल्या देशातल्या तुरुंगांत १०० जागांमागे १३१ माणसं होती, आणि दर चारांतली तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावर अजून काही सिद्धच झालेलं नाही अशी. पण मला वाटतं, हा आकडा माझ्याही बाजूने बोलतो. ज्याचा मूळ गुन्हाच शाबीत नाही, त्याला आत आणखी एक गुन्हा न ऐकता चिकटवायचा, हे कुठल्या हिशेबाने?

‘मारामारी झाली तर दोघांना वेगळं करा, त्याच मिनिटाला करा,’ मी म्हटलं. ‘त्याला कोण अडवतंय? वेगळं करणं ही सुरक्षा झाली. शिक्षा वेगळी. गल्लत तिथेच होते. रात्री वेगळं ठेवलेला माणूस सकाळी आपोआप दोषी ठरतो, कारण तो वेगळा ठेवलेला आहे.’

मामांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

अमेरिकेतलं एक प्रकरण मी सांगितलं. नेब्रास्कातल्या कैद्यांचं, १९७४ चं, ‘वुल्फ विरुद्ध मॅकडोनेल’. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तुरुंगातल्या चौकशीला कोर्ट मानलं नाही. वकिलाचा हक्क दिला नाही, उलटतपासणीचाही नाही. साक्षीदार बोलावल्याने सुरक्षेला धोका असेल तर तो नाकारायची मुभा ठेवली. पण कैद्याची चांगल्या वर्तणुकीची माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, कापायची असेल तर दोन गोष्टी सोडता येणार नाहीत म्हटलं: सुनावणीच्या किमान चोवीस तास आधी लेखी आरोप, आणि कशावरून दोषी धरलं ते लेखी कारण.

‘हे न्यायाधीश तुरुंगात जाऊन आलेले दिसतात,’ मामा म्हणाले. मनापासून म्हणाले. ‘साक्षीदाराचं त्यांना कळलंय. माझ्या बरॅकमध्ये खबर देणाऱ्याचं नाव मी सुनावणीत घेतलं असतं तर संध्याकाळच्या जेवणात त्याच्या भाजीत काच निघाली असती.’

‘पण कलम ५१ म्हणतं, साक्षीदारांची नावं लिहा.’

‘वहीत लिहिणार. बंदीला सांगणार नाही.’

‘मग निदान साक्षीदार काय म्हणाला ते तरी सांगा. कुठे पाहिलं, किती वाजता पाहिलं. नाहीतर बंदी उत्तर कशाला देणार?’

‘किती वाजता पाहिलं हे सांगितलं की कुणी पाहिलं ते कळतं. त्या वेळी तिथे दोघेच असतात.’

या मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. माझ्या मते, उत्तर देता येणार नाही असा पुरावा शिक्षेसाठी वापरूच नये. त्यावरून झडती घ्या, नजर ठेवा, बरॅक बदला, पण माफी कापू नका. मामांच्या मते, असं ठरवलं तर आतल्या अर्ध्या गोष्टींना शिक्षाच होणार नाही, आणि ते सगळ्यात आधी गुंडांना कळेल.

गुंडांचा विषय निघाला तसे ते खुर्चीत पुढे सरकले.

‘तुला एक सांगतो, ते तुझ्या पुस्तकात नसेल. आत कबुली विकत मिळते. झडतीत मोबाईल सापडला. कुणाचा? सगळ्यांना ठाऊक असतं कुणाचा. पण पुढे येतो तो भलताच, ज्याला मुलाखतीला कुणी येत नाही, मनिऑर्डर येत नाही. साहेब, माझा आहे. का? त्याला महिनाभराचा साबण, बिस्किटं मिळणार असतात, किंवा बाहेर जामीनदार उभा करायचं कबूल केलेलं असतं, किंवा नुसतीच भीती. तुझा दुभाषा आण, वकील आण, चोवीस तास दे. चोवीस तासांत त्याला आणखी पक्का पढवतील. न्याय्य चौकशीचा पहिला फायदा भाईला होतो, पोरी, गरिबाला नाही.’

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी पाहिलेल्या कुठल्याही नियमावलीत हे नाही. नियम धरून चालतात की माणसाला बोलू दिलं की तो स्वतःसाठी बोलेल. तुरुंगात असं असतंच असं नाही.

‘मग तुम्ही काय करायचा?’

‘मी विचारायचो, चालू करून दाखव.’ मामांनी हातात नसलेला फोन धरला. ‘लॉक काढ. शेवटचा फोन कुणाला केलास? चार्जर कुठे लपवलास? त्याला फोन उघडताच यायचा नाही. मग एकट्याला बसवायचो, चहा द्यायचो, आणि कुणी सांगितलं ते विचारायचोच नाही. फोनचं सोडून घरचं विचारायचो. अर्ध्या तासाने तो आपसूक सांगायचा. नाही सांगितलं तरी मला कळलेलं असायचं.’

‘हेच शिकवायचं आहे मला.’

‘हे शिकवता येत नाही. हे अनुभवाने येतं.’

‘येतं ना शिकवता. आत्ता तुम्ही मला पाच वाक्यांत शिकवलंत. कबुली मिळाली की चौकशी संपत नाही, ती पडताळायची. एकट्याला विचारायचं. ज्यातून हवं ते वदवून घेता येईल असा प्रश्न विचारायचा नाही. आणि याला अर्धा तास लागतो हे तुम्हीच म्हणालात. मघाशी तर वेळच नव्हता.’

मामा काही बोलले नाहीत. आत मामींनी कुकर उतरवला, शिट्टी उचलल्याचा आवाज आला.

मग मी सुनील बात्रांचं प्रकरण काढलं. दिल्लीच्या तिहार तुरुंगात फाशीच्या शिक्षेवर असलेल्या या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना चिठ्ठी लिहिली, स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्या एका कैद्यासाठी. त्याच्या नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी वॉर्डर त्याचा छळ करत होता. न्यायालयाने ती चिठ्ठीच याचिका मानली. डिसेंबर १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जे घालून दिलं ते आजही आपल्याकडचं सगळ्यात भक्कम कवच आहे: एकांत कोठडी, कष्टाच्या कामाची वा आहारातल्या बदलाची जादा शिक्षा, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणं, यातलं काहीही सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय करायचं नाही. अगदीच तातडी असेल तर केल्यापासून दोन दिवसांत कळवायचं.

‘त्यात मला शिकवू नकोस,’ मामा म्हणाले. ‘माझ्या हातून एकही माफी कपात सत्र न्यायाधीशांकडे पाठवल्यावाचून झाली नाही.’

‘काय पाठवायचात?’

त्यांनी कॅलेंडरच्या पानावर बोट ठेवलं. ‘हेच. आणि सोबत एक पानाचा अहवाल.’

‘अहवालात काय?’

‘गुन्हा, तारीख, झडती घेणाऱ्याचं नाव. बंदीने गुन्हा कबूल केला. शिक्षा प्रस्तावित.’

‘आणि परत काय यायचं?’

‘मंजूर.’

आम्ही दोघेही त्या पानाकडे बघत राहिलो. माझ्या दोन तासांचा गाभा मला तिथे सापडला असं मी म्हणेन. ब्रिटनमध्ये तुरुंग अधिकाऱ्याने शिक्षेचे दिवस वाढवणं स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयाने २००३ साली अन्यायाचं ठरवलं, कारण कैद्याला वकील मिळाला नव्हता. आता तिथे दिवस वाढवायचे तर न्यायाधीश सुनावणी घेतात. आपण न्यायाधीशाची नजर चोवीस वर्षं आधी मागितली होती. पण आपल्या न्यायाधीशापुढे बंदी उभा राहत नाही, कागद उभा राहतो. तो कागद बरॅकच्या दारात, बारावी झालेला एखादा तरुण शिपाई आणि दमलेला एखादा अधिकारी मिळून लिहितात. ‘कबूल’ असं त्यात असलं की पुढे कितीही मोठा न्यायाधीश बसवा, तो काय करणार? म्हणून शिकवायचं असेल तर ते लिहिणाऱ्याला.

‘दोन दिवस कँटीन बंद, आठवडाभर मुलाखत बंद,’ मामा म्हणाले. ‘असल्या बारीक शिक्षांचा तू फार डोंगर करतेस.’

‘मामा, भायखळ्याला काय झालं?’

ते उत्तरले नाहीत. जून २०१७. महिला कारागृहातली एक शिक्षाबंदी, स्वतः वॉर्डन म्हणून काम करणारी. शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, एवढ्यावरून तिला मारहाण झाली आणि त्यात ती गेली, असा आरोप. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी तिथल्या बंदी महिला निषेधासाठी गच्चीवर चढल्या. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल. मी एवढंच धरून आहे की अंडी कमी का भरली, हा विचारून, लिहून, उत्तर ऐकून दहा मिनिटांत मिटणारा प्रश्न होता.

‘आणि विचारलं नाही की काय होतं, त्याचं एक मोठं उदाहरण सांगू? मँचेस्टर. स्ट्रेंजवेज तुरुंग. १ एप्रिल १९९०. कैद्यांनी तुरुंग ताब्यात घेतला, छपरावर बसले. पंचवीस दिवस.’

‘पंचवीस दिवस?’ मामा सरळ बसले. तुरुंगाच्या माणसाला हा आकडा जसा लागतो तसा आपल्याला लागत नाही. ‘पंचवीस दिवस तुरुंग हातात नाही?’

‘नंतर न्यायमूर्ती वुल्फ यांनी चौकशी केली. १९९१ च्या अहवालात त्यांनी सुरक्षा आणि नियंत्रण यांच्या बरोबरीला न्याय ठेवला. तिन्हींचा तोल राहिला तरच तुरुंग शांत राहतो. आपल्याला न्यायाने वागवत नाहीत ही भावना त्यांना दंगलीच्या मुळाशी सापडली. शिक्षा देणाऱ्या स्थानिक मंडळांचे अधिकार पुढे १९९२ मध्ये काढून घेतले गेले. मी बंदीची बाजू घेते असं तुम्हाला वाटतं. मी शिपायाची बाजू घेतेय. दीडशे माणसांत एकटा उभा असतो तो. त्याच्याकडे काठीपेक्षा मोठं काय आहे? “हा साहेब ऐकून घेतो” एवढं जर बरॅकला माहीत असेल, तर तेच.’

मामींनी पोह्यांच्या ताटल्या आणल्या. मामांनी ताटली हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

पुढचं मी बोलले नसते तरी चाललं असतं. पण मला माझा पहिला तास कशाने सुरू करायचा ते ठरवायचं होतं. ‘मामा, शिकवणीची सुरुवात मी तुमच्या विभागीय चौकशीने करणार आहे. नाव न घेता.’

वीसेक वर्षांपूर्वी दवाखान्यात नेलेला एक कच्चा कैदी पहाऱ्यातून पळाला होता. मामा त्या दिवशी ड्यूटी अधिकारी. निलंबन, मग डीई, म्हणजे विभागीय चौकशी. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली दोषारोपपत्र मिळालं, कागदपत्रांच्या प्रती मिळाल्या, लेखी बचाव द्यायला मुदत मिळाली, शेजारी बसायला बचाव सहायक मिळाला. चौदा महिन्यांनी ते निर्दोष सुटले.

‘माझी आणि त्यांची बरोबरी करतेस?’ मामांचा आवाज चढला. ‘मी सरकारी नोकर. घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे मला. मी कुणाचा गळा कापून तिथे गेलो नव्हतो.’

‘त्याने गळा कापला त्याची शिक्षा तो भोगतोय. मोबाईल त्याने ठेवला की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. त्यात तो आणि तुम्ही सारखेच. दोघांनाही दाराबाहेर बसवून ठेवलंय आणि आत कुणीतरी तुमच्याबद्दल लिहितंय.’

‘सारखेच कसे?’

उत्तर मामींनी दिलं. दारातच उभ्या होत्या. ‘त्या वर्षी तुम्ही रात्र रात्र जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होतात. एकेक वाक्य मला वाचून दाखवायचात. “हे असं लिहिलं तर चुकीचं धरतील का गं?” मला कायद्यातलं काय कळत होतं? पण तुम्हाला कुणाला तरी वाचून दाखवायचं होतं.’

मामांनी ताटली खाली ठेवली. बराच वेळ गेला. अंगणात कुणीतरी नळ सोडून दिला होता, त्याचं पाणी बादलीतून वाहत होतं. मामी जाऊन बंद करून आल्या.

‘भामरागडकडचा एक पोरगा होता,’ मामा म्हणाले. ‘माडिया. वीस-एकवीस वर्षांचा. मराठी जेमतेम, हो, नाही, साहेब, पाणी, एवढीच. त्याच्या अंथरुणाखाली सिमकार्ड आणि ब्लेड सापडलं. सर्कलच्या ऑफिसात आणला. खाली उकिडवा बसला, जसे सगळे बसतात. मी टेबलाशी. त्याच्या मागे दोन शिपाई. मी विचारलं, हे अंथरूण तुझं? तो म्हणाला, हो साहेब. मी लिहिलं, गुन्हा कबूल.’

‘एवढंच विचारलंत?’

‘एवढंच. तीन मिनिटं लागली नसतील. बाहेर आणखी सहाजण बसले होते.’ त्यांनी चष्मा काढून पानावर ठेवला. ‘तो खोटं बोलला नाही. अंथरूण त्याचंच होतं.’

तीन आठवड्यांनी रात्रपाळीच्या पहाऱ्यावरच्या एका जुन्या बंदीने मामांना खरं सांगितलं. सामान पलीकडच्या रांगेतल्या माणसाचं होतं; झडतीची चाहूल लागताच त्याने ते सरकवलं होतं. तोवर माफीचे तीस दिवस कापले गेले होते, मंजुरी येऊन हिस्ट्री तिकिटावर नोंद चढली होती. मामांनी वरिष्ठांना टिपण लिहिलं. उत्तर आलं की बंदीने स्वतः कबुली दिलेली असल्याने नोंद बदलण्याचं कारण दिसत नाही. त्या वर्षीचा त्याचा फर्लोचा, म्हणजे रजेवर घरी जाण्याचा, अर्ज त्याच नोंदीवर नामंजूर झाला.

‘त्याने नंतर कधी काही विचारलं?’

‘नाही. मला बघितलं की उभा राहायचा. बाकीचे राहतात तसाच.’ मग म्हणाले, ‘एकाने मात्र बोलून बघितलं होतं. दुसऱ्या प्रकरणात. म्हणाला, साहेब, हे शिपायानेच ठेवलं. मी त्याला कलम ४५ ऐकवलं. अधिकाऱ्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणं हा स्वतंत्र तुरुंग गुन्हा आहे. सिद्ध कर, नाहीतर दोन गुन्हे लागतील. गप्प झाला. कायद्यात आहे ते, मी बनवलेलं नाही.’

ते कलम आहे, खरं आहे. पण त्यात ‘जाणूनबुजून’ हा शब्दही आहे. स्वतःच्या बचावात माणूस जे सांगतो त्याला आरोप म्हणायचं नाही, हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी, पहिल्या तासात सांगायला हवं. २०२३ साली केंद्राने १८९४ च्या अधिनियमाच्या जागी नवा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. कायदे बदलतील. पण टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्याने हे कलम धाक म्हणून वापरायचं की नाही, ते शिकवणीतच ठरतं.

आम्ही पुन्हा पानाकडे वळलो. मामांनी नव्या रेघा मारल्या आणि मी सांगत गेले तसे रकाने वाढले. आरोप केव्हा सांगितला. कोणत्या भाषेत सांगितला, कुणी सांगितला. बंदीचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. ‘कबूल’ हा एकटा शब्द चालणार नाही. त्याने कुणाला साक्षीला बोलवायला सांगितलं. नाकारलं असेल तर का. ‘कुणी पाहिलं’ या रकान्यावर आमचं पुन्हा वाजलं आणि तो आम्ही कोरा ठेवला. वकिलाला मामांचा विरोध कायम राहिला. गंभीर प्रकरणात, माफी जाणार असेल तेव्हा तरी, असं मी म्हणत राहिले; त्यांनी ‘बघू’ म्हटलं आणि तो रकाना आखलाच नाही. दुभाष्याचा मात्र त्यांनी स्वतःहून आखला आणि खाली लिहिलं, ‘त्याच बरॅकमधला नको.’

बंदी कुठे बसणार, हेही त्यांनीच काढलं. ‘उकिडव्या माणसाच्या तोंडून “हो साहेब”च निघतं. गुडघे छातीला लागलेले, मान वर करून बोलायचं. स्टूल ठेवायला सांग. आणि मागचे शिपाई दाराबाहेर.’

‘आणि दोन तास पुरणार नाहीत,’ ते पुढे म्हणाले. ‘पोरांना जोडीने बसव. एकाने विचारायचं, एकाने बंदी व्हायचं, मग उलट. बंदी झालेल्याला आधी कानात सांग की तू केलेलं नाहीस. आणि विचारणाऱ्याला सांग की बाहेर सहाजण बसलेत, साहेब घाई करतायत.’

मी वेळापत्रकाचा कागद काढला आणि दोनाचे तीन तास केले. पहिल्या तासापुढे लिहिलं, विभागीय चौकशी. दुसऱ्यापुढे, विकत घेतलेली कबुली. तिसऱ्या तासाची जागा मोकळी होती.

‘ते भामरागडचं तुम्ही सांगाल का येऊन? माझ्या तोंडून ते ऐकीव वाटेल.’

‘मी येणार नाही,’ मामा म्हणाले. ‘निवृत्त माणसाने असं काही सांगत फिरू नये. तूच सांग.’

मामी ताटल्या उचलायला आल्या. मामांचे पोहे तसेच होते, गार झालेले. मामी काही बोलल्या नाहीत, ताटली राहू दिली. मी कागद घडी करायला घेतला तेव्हा मामांनी हात पुढे केला, माझं पेन मागून घेतलं, आणि तिसऱ्या तासाच्या मोकळ्या जागेत त्यांच्या त्या सरळ अक्षरात एकच शब्द लिहिला, ‘अंथरूण’. खाली तारीख घातली. मग एकतीस वर्षांच्या सवयीने शेजारी आद्याक्षरं केली.